दम घ्यायची जागा

सेलूला मोंढ्याच्या मागं आमची शाळा,
तिसरीचा वर्ग पत्र्याचा.
सरकीच्या पेंडीचा वास खिडकीतून यायचा
आणि तरटावर आमच्याच रांगेत बसायचा.

खतीब बाई शब्दाला फळ्यावर उभं करून
त्याचे अवयव दाखवायच्या.
हा काना. ही मात्रा. ही पहिली वेलांटी, ही दुसरी.
आणि र दुसऱ्याच्या डोक्यावर चढून बसला
की त्याला रफार म्हणायचं.
सगुणा म्हणाली, बाई,
असा एक चुलता आमच्यातबी हाय.

पाय मोडलेल्या अक्षराला मात्र कुणी हसलं नाही.
दुसऱ्या रांगेत फरीद बसायचा,
पोलिओचा पाय हातानं उचलून मांडीखाली घ्यायचा.
बाईंनी 'पाय मोडका' हा शब्द अर्धा गिळला,
म्हणाल्या, हे अक्षर शेजाऱ्याला टेकून उभं राहतं,
दोघं मिळून जोडाक्षर.
फरीदनं माझ्या भावाच्या खांद्यावर हात टाकला:
बाई, आमी दोघं 'स्त'.

समानार्थी शब्दांच्या तासाला
पाणी म्हणजे जल, नीर;
घर म्हणजे सदन, गृह.
आम्ही घोकलं,
जरी सदनात कुणीच राहत नव्हतं आमच्यातलं.
मग बाईंनी विचारलं, 'माझं'ला दुसरा शब्द?
अख्खा वर्ग ओरडला: मपलं!
बाईंनी पुस्तक चाळलं. पुस्तकात नव्हतं.
तरी खडू उचलला आणि लिहिलं,
माझं, दोन आडव्या रेघा, मपलं.
तपासणीचे साहेब यायच्या दिवशी
ते पुसलंही त्यांनीच.
मला दोन्ही आठवतं.

विरामचिन्हं आली उन्हाळ्याच्या तोंडावर.
पूर्णविराम सोपा,
ज्वारीचा एक दाणा सांडलेला.
मग बाईंनी काढलं एक बारकं, वाकडं,
खाली शेपूट वळलेलं,
आणि मी न विचारता उठून उभी राहिले:
बाई, हा तर मपल्या बापाचा हूक!

हसू पत्र्यापर्यंत गेलं.
बाईंनी ते खाली येऊ दिलं.
मग विचारलं, काय करतात वडील हुकानं?

पोत्यात रुतवतेत, म्हणलं, ओढतेत, पाठीवर घेतेत.
तुरीचं पोतं, क्विंटलचं.
आडतीपासून ट्रकपर्यंत लांब हाय,
मधी लिंबाखाली दगड हाय एक उंच,
त्याला पोतं टेकवतेत.
उतरवत न्हाईत, बाई. नुसतं टेकवतेत,
उलीसक दम घेतेत.
उतरवलं तर परत उचलायला दोन माणसं लागतेत.

बाई फळ्याकडं तोंड करून
बराच वेळ हातावरचा खडू झटकत राहिल्या.
व्याख्या पुस्तकातलीच लिहून दिली,
'वाक्यात थोडे थांबण्यासाठी', वगैरे.
पण धडा वाचायची माझी पाळी आली
आणि मी एका दमात पळत सुटले, तेव्हा
एवढंच म्हणाल्या:
टेकव. उतरवू नको.

रात्री चिमणीपाशी बापाला वही दाखवली.
हे बगा, बाईनं तुमचा हूक शिकवला.
बापानं वही आडवी धरली, उभी धरली,
खुंटीवरचा हूक काढून चिन्हाशेजारी ठेवला.
म्हणाला, उलटा काढलाय.
थोडा वेळ बघत बसला,
मग हूकच उलटा करून ठेवला.
आता जमलं, म्हणाला.

पानावर गंजाचा डाग पडला,
नेमका शुद्धलेखनाच्या उताऱ्यावर.
दुसऱ्या दिवशी बाईंनी
ऱ्हस्व-दीर्घाच्या चार चुका काढल्या,
'आशिर्वाद'ला लाल गोल केला,
डागापाशी पेन आणलं,
आणि पुढच्या ओळीवर नेलं.